‘कोर्ट’ चित्रपटातली शाहिरी गाणी कोणाची आहेत? जुनी लोकगीतं आहेत का?

नाही, ती लोकशाहीर संभाजी भगत यांची आहेत. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चं (2014) संगीत त्यांचंच आहे. श्रेयनामावलीत तसं स्पष्ट दिलेलं आहे. जुनी वाटतात, कारण बाज अस्सल आंबेडकरी जलशाचा, म्हणजे आंबेडकरांचे विचार गाण्यांतून लोकांपर्यंत नेणाऱ्या कार्यक्रमाचा आहे: शाहीर एक ओळ फेकतो, मागचे साथीदार ती झेलतात आणि ढोलकी गाणं पुढे ढकलत राहते. चित्रपटातला शाहीर नारायण कांबळे याच्या अटकेचा प्रसंग पुन्हा बघा. कॅमेरा लांब, जागचा हलत नाही; भर गाण्यात पोलीस येतात. तिथे व्हायोलिनचा एक सूर जरी घातला असता तरी तो प्रसंग खोटा झाला असता. या चित्रपटात भावना चेतवायला पार्श्वसंगीत वापरलेलंच नाही, गाणं वाजतं ते पडद्यावर कुणीतरी गात असतं म्हणून. वकील व्होरा बारमध्ये बसलेला असतो तिथलं गाणंही तसंच.

फक्त एक लक्षात ठेवा: गाणी भगतांची असली तरी नारायण कांबळे हे पात्र काल्पनिक आहे आणि ती भूमिका वीरा साथीदार यांनी केली आहे. त्यामुळे ही भगतांची जीवनकथा समजू नका.