परदेशातील वाचकांसाठी अ‍ॅफिलिएट लिंक कशा ठेवाव्यात?

आपला प्रश्न असा आहे की, मराठवाडी पाककृतींच्या आपल्या संकेतस्थळाला अमेरिका, ब्रिटन आणि आखातातूनही बरेच वाचक भेट देतात, परंतु सर्व अ‍ॅफिलिएट लिंक (ज्यांवरून खरेदी झाल्यास दुकान आपल्याला कमिशन देते) अ‍ॅमेझॉनच्या भारतीय दुकानाच्या असल्यामुळे त्यांच्या खरेदीवर कमिशन मिळत नाही; तर प्रत्येक देशासाठी वेगळे पान करावे काय? मी लातूरहून याच विषयाचे संकेतस्थळ चालवते. माझ्या मते वेगळी पाने करू नयेत. पान सर्वांना एकच दिसावे आणि वाचक लिंकवर क्लिक करतो त्या क्षणी सर्व्हरने देश ओळखून त्याला योग्य दुकानात पाठवावे.

अ‍ॅमेझॉनचा अ‍ॅफिलिएट कार्यक्रम देशागणिक स्वतंत्र आहे. भारतीय खात्याचा टॅग, म्हणजे लिंकमध्ये जोडलेली आपल्या खात्याची खूण, २१ या अंकाने संपतो, अमेरिकी खात्याचा २० ने, आणि एका दुकानाचा टॅग दुसऱ्या दुकानातील लिंकला जोडल्यास ती विक्री आपल्या नावावर धरली जात नाही. मात्र सगळीकडे एकदम खाती उघडण्याची घाई करू नये, कारण पहिल्या १८० दिवसांत किमान ३ विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद केले जाते. ज्या देशातून खरोखर क्लिक येत आहेत, तेथूनच सुरुवात करावी.

मी प्रथम पानातील लिंकच देशानुसार बदलत होते. परंतु पान कॅशमध्ये, म्हणजे झटपट दाखवण्यासाठी ठेवलेल्या तयार प्रतींत, साठवले जाई, आणि एखाद्या अमेरिकी वाचकासाठी तयार झालेले पान पुढे बीड-जालन्याच्या वाचकांनाही तसेच मिळे. त्यांना किमती डॉलरमध्ये दिसू लागल्या तेव्हा चूक लक्षात आली. म्हणून आता प्रत्येक वस्तूसाठी माझ्याच संकेतस्थळावर एक मधला पत्ता आहे, तो कॅशमधून वगळलेला आहे, आणि तेथून ३०२ प्रकारचे, म्हणजे तात्पुरते, रीडायरेक्ट होते (वाचक आपोआप दुकानाच्या पत्त्यावर पाठवला जातो). ३०१ वापरू नये, कारण ते कायमचे समजून ब्राउझर लक्षात ठेवतो. क्लाउडफ्लेअर ही वाचक आणि संकेतस्थळ यांच्या मध्ये राहणारी सेवा वापरत असल्यास देशाची दोन अक्षरी खूण सर्व्हरला मिळू शकते. तेथे ब्रिटनची खूण ‘यूके’ नसून ‘जीबी’ असते, हे विसरू नये. देश ओळखता आला नाही तर भारतीय दुकान ठेवावे.

खरी मेहनत मात्र वस्तू निवडण्यात आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात. येसरासाठी मसाला वाटायला आपण जो मिक्सर सुचवतो तो २३० व्होल्टचा असतो, आणि अमेरिकेतील घरांत वीज १२० व्होल्टने येते. तोच मिक्सर तेथील वाचकाला सुचवला तर तो नीट चालणार नाही, मग आपल्या पुढच्या सल्ल्यावर त्याने विश्वास का ठेवावा? ज्वारीचे पीठ तेथे सॉरघम या नावाने शोधावे लागते. भाकरीसाठी काठवट तर मिळेलच असे नाही, तेथे मोठ्या परातीची लिंक द्यावी. अ‍ॅमेझॉनचा दहा अक्षरी उत्पादन क्रमांकही दोन देशांत एकाच वस्तूचा असेलच असे नाही. म्हणून केवळ पत्त्यातील देश बदलणारी स्वयंचलित साधने मी वापरत नाही. प्रत्येक देशाची लिंक स्वतः उघडून पाहते, आणि योग्य वस्तू नसेल तर लिंक देत नाही.

मधल्या पत्त्यामुळे लपवाछपवी होता कामा नये. ग्राहक कोणत्या संकेतस्थळावरून आला हे झाकण्यास अ‍ॅमेझॉनची मनाई आहे, आणि आपण कोठे जात आहोत हे वाचकालाही कळले पाहिजे. म्हणून बटणावर ‘अ‍ॅमेझॉनवर पाहा’ असे स्पष्ट लिहावे. कमिशन मिळते हे पानाच्या वरच्या भागात मराठीत सांगावे, आणि लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ हा गुणधर्म द्यावा; ही मोबदल्याची लिंक आहे हे शोधयंत्राला सांगणारा हा गुणधर्म गूगलने २०१९ मध्ये आणला.

एक गोष्ट मला वाचकांच्या पत्रांतून उशिरा समजली. न्यू जर्सीत राहणारा मुलगा पाककृती वाचतो, पण लोखंडी तवा त्याला परभणीला आईकडे पाठवायचा असतो. सर्व्हर त्याचा देश अचूक ओळखतो आणि तरीही त्याला चुकीच्या दुकानात नेतो. म्हणून प्रत्येक बटणाखाली ‘भारतात पाठवायचे असल्यास येथे पाहा’ अशी एक साधी ओळ मी ठेवली आहे. तिची लिंक थेट भारतीय दुकानात जाते आणि तिला रीडायरेक्ट लावलेले नाही.