कापसाचा बर्फ आणि ४२ अंशांचा नाताळ

नोव्हेंबर संपत आला की या सदराच्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी लिंबाच्या पानांवरची नक्षीअळी विचारणारी मंडळी झाडाला काय टांगायचं ते विचारू लागतात. यंदाच्या गठ्ठ्यातली पाच पत्रं घेते आहे. मी ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये २२ वर्षं राहते आणि त्यातली ९ एका नर्सरीत काम करण्यात गेली, त्यामुळे उत्तरं याच उन्हातली आहेत.

ताई, आम्ही जुलैत भारतातून पर्थला आलो. मुलगी सहा वर्षांची आहे, रोज विचारते, ‘आपलं झाड कधी?’ दुकानातल्या सगळ्या कार्डांवर बर्फ आणि बाहेर अंग भाजतंय. मी झाडावर कापूस पसरणार आहे आणि खिडक्यांना बर्फाचा स्प्रे मारणार आहे. बरं दिसेल ना? — एक आई, पर्थ

कापूस नको. दिसण्याचं नंतर बघू. दिव्याजवळ कापूस नेला की त्याची वात होते, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. माळ एलईडीची असली तरी तिची वायर आणि तिचा ट्रान्सफॉर्मर कापसात गाडून ठेवायचा नसतो.

स्प्रे मी स्वतः मारला आहे, इथल्या पहिल्याच वर्षी, पश्चिमेच्या काचेवर. जानेवारी उजाडेपर्यंत तो उन्हात असा भाजून निघाला की ब्लेडने खरवडायला दोन दुपारी गेल्या. फेब्रुवारीतही खिडकीच्या एका कोपऱ्यात हिवाळा शिल्लक होता.

दुसरी फजिती दारावरच्या चक्राची. शिंपले वेचून आणले, गोंदाच्या बंदुकीने वेलीच्या कड्यावर चिकटवले. फार सुंदर झालं होतं. आमचं दार गडद निळं आणि तोंड पश्चिमेला. दुपारी तीनला टप्, टप् असा आवाज येऊ लागला, मला वाटलं कुणी दार वाजवतंय. उघडून बघते तो निम्मे शिंपले पायपुसण्यावर. जो गोंद उष्णतेने पातळ होतो, तो उष्णतेनेच सुटणार. ही अक्कल दहा डॉलरच्या गोंदकांड्या संपल्यावर आली. तेव्हापासून शिंपल्याला बारीक भोक पाडते आणि तारेने बांधते. तुम्हीही दारावरचं सगळं बांधा, चिकटवू नका. मेणाच्या मेणबत्त्या तर खिडकीत ठेवूच नका, संध्याकाळपर्यंत त्या नमस्कार करतात. २०२१ च्या नाताळच्या दिवशी पर्थमध्ये पारा ४२.८ अंशांवर गेला होता, त्या दिवशी आमच्या खिडकीतली लाल मेणबत्ती पार आडवी झाली होती.

झाडावर शिंपले, वाळलेली गमनट्स (युकॅलिप्टसची टणक बोंडं), त्याचीच पानं लावा. मुलीला किनाऱ्यावर नेऊन वाळूचा ‘स्नोमॅन’ करू द्या, त्याला टोपी घाला आणि फोटो काढून आजी-आजोबांना पाठवा. मात्र ऑस्ट्रेलियात नाताळात बर्फ पडतच नाही, असं तिला सांगू नका. २००६ साली २५ डिसेंबरला व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या डोंगरांवर पडला होता. मोठी झाल्यावर ती तुम्हालाच पकडेल.

आमच्या भागात रस्त्याकडेला एक झाड केशरी फुलांनी नुसतं पेटलं आहे. शेजारी म्हणाले, हेच आमचं ख्रिसमस ट्री. चार फांद्या आणून फुलदाणीत ठेवल्या तर चालतील? — एक वाचक, पर्थ

नाही चालणार. पण तुम्ही माझ्या सगळ्यात लाडक्या झाडाबद्दल विचारलंत, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

याचं शास्त्रीय नाव नुइत्सिया फ्लोरिबुंडा. १६२७ साली ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळून गेलेल्या डच जहाजावरच्या पीटर नाइट्सच्या नावावरून ते पडलं. इथले मूळ रहिवासी नूंगार लोक मात्र त्याला मूजार म्हणतात, आणि ते नाव त्याहून फार जुनं आहे. हे झाड फक्त वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात आपणहून उगवतं. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे आंब्यावर जे बांडगूळ चढतं, त्याच्याच कुळातलं आहे! फरक इतकाच की हे कुणाच्या फांदीवर बसत नाही. जमिनीत पाय रोवून स्वतःचं खोड, स्वतःची पानं घेऊन उभं राहतं आणि चोरी मातीखाली करतं.

ती चोरी मी एकदा डोळ्यांनी पाहिली आहे. नर्सरीतल्या एका जाणत्या सहकाऱ्याने पाण्याच्या पाइपसाठी खणलेल्या चरात मला वाकायला लावलं. गवताच्या मुळाभोवती पांढरंशुभ्र, ओलसर कडं, लहान बोटातल्या अंगठीएवढं. त्या कड्याच्या आत अडकित्त्यासारखं पातं असतं. ते शेजाऱ्याचं मूळ कापतं आणि त्यातलं पाणी पितं. मूळ कुठलं आणि वायर कुठली हे त्याला कळत नाही, त्यामुळे जमिनीखालच्या केबलींची आवरणंही या झाडाने कापली आहेत. आजूबाजूचं सगळं वाळून कोळ झालेलं असताना ऐन डिसेंबरात याला एवढा बहर कसा परवडतो, त्याचं हे उत्तर.

तोडायचं नाही, याला दोन कारणं. एक म्हणजे कायदा: इथली रानातली, रस्त्याकडेची देशी फुलं परवान्याशिवाय तोडणं गुन्हा आहे. दुसरं कारण मला अधिक पटतं. नूंगार लोकांच्या श्रद्धेनुसार गेलेल्या माणसांचे आत्मे पश्चिमेच्या समुद्रापलीकडे जाण्याआधी याच झाडावर विसावतात, म्हणून त्याची फुलं ते तोडत नाहीत. आपल्याकडेही एखाद्या झाडाखालून जाताना आवाज आपोआप खाली येतो, तसंच समजा. केशरी क्रेप कागद आणा आणि घरी फुलं करा. त्याला कुणी अडवत नाही.

सिडनीतल्या वाचकांची सोय बरी आहे. तिथे ‘ख्रिसमस बुश’च्या जुड्या फुलवाल्यांकडे मिळतात. तीत जे लाल दिसतं ते फूल नव्हेच. खरं फूल पांढरं आणि चिमुकलं, वसंतात येऊन जातं. मागे राहिलेली निदलं, म्हणजे पाकळ्यांखालची पानं, वाढतात आणि डिसेंबरात लाल होतात.

खरं पाइनचं झाड आणलं की आठवड्यात सुया गळतात. प्लास्टिकचं आणायला मन घेत नाही. कुंडीतलं नॉरफोक पाइन कसं? — एक कुटुंब, ॲडलेड

आधी सुयांचं. इथे विकतात ते बहुधा रेडिएटा पाइन, मूळ कॅलिफोर्नियाचं. तोडल्यावर बुंध्याची जखम राळेने बंद होते आणि मग ते पाणीच ओढत नाही. घरी आणल्या-आणल्या बुंध्याची दोनेक सेंटिमीटरची चकती कापून टाका आणि लगेच पाण्यात उभं करा. पहिले काही दिवस ते रोज लिटर-दीड लिटर पाणी सहज संपवतं, तळ उघडा पडू देऊ नका. एसीच्या झोतासमोर ठेवू नका. सगळ्यांना नेमकी तीच जागा आवडते.

नॉरफोक पाइन कुंडीत फार देखणं, मजल्यावर मजले चढवल्यासारखं. फांद्या नाजूक असतात, काचेचे जड गोळे लावले तर वाकतात ते कायमचे. कागदी चांदण्या, पिसांसारखं हलकं काही लावा. नाताळ झाल्यावर अंगणात लावायचा मोह मात्र आवरा. आमच्या कॉटेस्लो किनाऱ्यावर ओळीने उभी आहेत ना, ती हीच, आणि हे झाड ५० मीटरपर्यंत जातं. नर्सरीत दर जानेवारीत कुणीतरी येऊन विचारायचं, ‘कुंपणाला लागून लावलं तर?’ मी विचारायची, ‘घर विकणार आहात का?’

पैसे असतील तर वोलेमाय पाइन बघा. १९९४ साली सिडनीजवळच्या डोंगरातल्या एका घळीत सापडलं, त्याआधी जगाला त्याच्या वंशाचे फक्त जीवाश्म ठाऊक होते. २००६ पासून रोपं विकत मिळतात. कुंडीत वर्षानुवर्षं राहतं, सावली सोसतं, आणि दर डिसेंबरात तेच झाड आत आणता येतं.

आम्ही मेलबर्नला असतो. सातला माळा लावतो, पण लख्ख उजेडात त्या लावल्या आहेत हेच कळत नाही! — एक आजोबा

आजोबा, नाताळच्या सुमारास तुमच्याकडे सूर्य मावळतो पावणेनऊला. नवाच्या आत माळ लावणं म्हणजे सूर्याला दिवा दाखवणं. होबार्टला तर आणखी उशीर, ब्रिस्बेनला मात्र पावणेसातलाच अंधार पडू लागतो, कारण तिथे तुमच्यासारखं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाहीत. आमच्याकडेही नाही, २००९ साली चौथ्यांदा मत घेतलं आणि चौथ्यांदा नको म्हणाले. तुमचा टायमर जर ऑक्टोबरच्या आधीच्या वेळेवर राहिला असेल, तर तेवढा बदला.

नातवंडं लहान असतील तर बटण-बॅटरीच्या मेणबत्त्यांचं झाकण स्क्रूने बंद होतंय ना, ते पाहा. ती बॅटरी गिळली तर अन्ननलिका जाळते. २०२२ पासून इथे त्याचे सक्तीचे नियम आहेत, पण जुन्या खोक्यातल्या मेणबत्त्यांना ते कुठे माहीत!

दिवाळीचा आकाशकंदील नाताळपर्यंत ठेवला तर वाईट दिसेल का? — एक वाचक, पर्थ

ठेवा की! आमचा दरवर्षी राहतो. समोरच्या घरातलं फिलिपिनो कुटुंब डिसेंबरात ‘पारोल’ टांगतं: बांबूच्या काड्यांची पाच टोकांची चांदणी, वर पातळ रंगीत कागद, खाली दोन झुपके. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थेट रस्ता ओलांडून गेले. त्या बाईंना वाटलं, माझं काही हरवलं आहे. आता नोव्हेंबरात आम्ही एकत्रच कामट्या तासतो. त्यांची गाठ माझ्यापेक्षा घट्ट बसते, माझा कागद त्यांच्यापेक्षा ताणून लागतो. पर्थच्या उन्हात लाल आणि गुलाबी कागद महिन्याभरात विटतो, तेव्हा एकदा तरी कागद बदलावा लागेल.

शेपट्यांचं मात्र बघा. दुपारी समुद्रावरून ‘फ्रीमँटल डॉक्टर’ सुटतो. उकाड्यावर औषध म्हणून लोकांनी त्या वाऱ्याला दिलेलं नाव. तो आमच्या कंदिलाच्या शेपट्या छपराच्या पन्हळीत अडकवून ठेवतो. म्हणून दुपारची जेवणं झाली की मी स्टुलावर चढून त्यांची सैल वेणी घालते, आणि रात्री वारा पडला की सोडते.