आधी पट, मग इंजिन

अगं, तुझा मेसेज वाचला. "लॅट्वियन सोडू का?" एवढंच विचारलंयस, म्हणजे बुद्धिबळातली आपली ती लॅट्वियन गॅम्बिटची सुरुवात, आणि खाली इंजिनचा, म्हणजे चाली सुचवणाऱ्या प्रोग्रॅमचा स्क्रीनशॉट. डाव मात्र मला मागून घ्यावा लागला. हरलीस त्याचं काही नाही, राग मला ह्याचा आलाय, की तू स्वतः बघायच्या आधी इंजिन लावलंस.

ई4 ई5, घोडा एफ3, आणि आपण काळ्याकडून एफ5, सुरुवातीलाच एक प्यादं पणाला लावून हल्ला, हेच ते गॅम्बिट. पांढरा नीट खेळला तर त्याचंच पारडं जड राहतं, हे तुलाही माहितीये, मलाही. 17व्या शतकातला खेळाडू ग्रेको, त्याचं नाव ह्या गॅम्बिटला होतं, पुढे कार्लिस बेटिन्श आणि लॅट्व्हियातल्या त्याच्या सोबत्यांनी ह्यावर इतकं काम केलं की नावच लॅट्वियन पडलं. त्यांच्याकडे इंजिन नव्हतं गं, पट होता आणि डोकं होतं. 1955 मध्ये पुपोल्स नावाच्या खेळाडूने ह्याच गॅम्बिटने बॉबी फिशरला, पुढे जगज्जेता झाला त्याला, हरवलं, फिशर तेव्हा 12 वर्षांचा होता हे खरं, पण फिशर तो फिशरच.

आता तुझा डाव. उंट सी4, तू ई4 चं प्यादं घेतलंस, घोड्याने ई5, वजीर जी5, डी4, मग जी2 मारलंस, इथपर्यंत झकास. वजिराचा शह, जी6, उंटाचा एफ7 वर शह, राजा डी8, त्याने जी6 घेतलं, तू एच1 चा हत्ती शह देत घेतलास, त्याचा राजा ई2 वर. आणि इथे तुला सी1 चा उंट फुकट दिसला! घेतलास, घोडा एफ7 वर शह देत आला, आणि तुझ्या राजाला धड जागाच नाही. त्या जागी सी6 खेळायचं होतं. एक छोटीशी प्याद्याची चाल, राजाला सी7 मोकळं होतं. इंजिनने तुला हे एका सेकंदात दाखवलं आणि म्हणूनच तुला ते कळलं नाही. पट लावून तासभर बसली असतीस तर सी6 तुझं तुलाच सापडलं असतं, आणि मग ते जन्मात विसरली नसतीस.

म्हणून परत सांगतो, हरलेला डाव आधी स्वतः बघायचा, मग इंजिन. स्वतः, लिहून, चुकत चुकत. कंटाळा आला तरी.

मला लहानपणी एका कोचने हे गॅम्बिट बंद करायला लावलं. कितीतरी वर्षं सेफ खेळलो, ड्रॉ व्हायचे, आणि घरी येऊन एकही डाव परत लावून बघावासा वाटायचा नाही. त्या वर्षांची खंत अजून आहे. आता लोक म्हणतात नीट ओपनिंग धरलं असतंस तर रेटिंग कुठल्या कुठे गेलं असतं. मला नाही वाटत. राजा मधे अडकलेला असताना डोकं शांत ठेवून चाल शोधायची, हे जे काही थोडंफार मला येतं ते एफ5 ने शिकवलंय, आणि हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

तेव्हा सोडायचं की नाही हे आत्ता विचारूच नकोस. सी6 नंतर पांढरा काय काय करू शकतो ते वहीत लिही, प्रत्येकाला तुझं उत्तर लिही, आणि त्या पानाचा फोटो रविवारपर्यंत मला पाठव. खाडाखोड असू दे. इंजिन लावलेलं मला लगेच कळतं.