पवित्र शास्त्राचे वाचन सुरू करताना

पवित्र शास्त्र म्हणजे बायबल, उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकापर्यंत ओळीने वाचण्याचा संकल्प अनेक जण करतात आणि लेवीयच्या पुस्तकातील यज्ञार्पणांच्या नियमांपाशी अडून राहतात; म्हणून तुम्ही मार्ककृत शुभवर्तमानापासून, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या जीवनवृत्तांतापासून, आरंभ करावा, असे मी सुचवेन. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचे आहे. रोज एक अध्याय पुरे.

मोबाइलवरील ॲप वाईट नाही. प्रवासात किंवा एखादे वचन शोधताना त्याचा मोठा उपयोग होतो. परंतु ज्या पडद्यावर शुभवर्तमान उघडलेले असते त्याच पडद्यावर कार्यालयाचे संदेशही येत असल्यामुळे मन वचनावर स्थिरावण्याआधीच दुसरीकडे वळते, म्हणून सकाळच्या वाचनासाठी छापील प्रत घ्यावी आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. सलग किती दिवस वाचले याचा ॲपमधील हिशेब तर मला अगदीच अनावश्यक वाटतो.

एखादे वचन उमगले नाही की लगेच कृत्रिम बुद्धिमत्तेला अर्थ विचारण्याचा मोह होईल. त्याआधी मागचापुढचा भाग पुन्हा वाचावा, प्रश्न वहीत लिहावा आणि रविवारी चर्चच्या पाळकांना (धर्मगुरूंना) विचारावा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीकवरून शास्त्र सोप्या मराठीत आणले, ते कमी शिकलेल्यांनाही स्वतः वाचता यावे म्हणून. तेव्हा शास्त्राचा अर्थ उलगडणाऱ्या भाष्यग्रंथांची रास जमवण्याची घाई नको.

मार्क संपल्यावर बायबलमधीलच याकोबाचे पत्र घ्यावे आणि रात्री घरच्यांसमवेत बायबलच्या स्तोत्रसंहितेतील एक स्तोत्र मोठ्याने वाचावे. ११९वे स्तोत्र मात्र १७६ वचनांचे असल्याने थोडे थोडे वाचावे.