एर्बियम आधी, प्रासियोडिमियम मागून

दादा, आयन-विनिमय कॉलमवर, म्हणजे रेझिनचे मणी भरलेल्या नळीत, दुर्मिळ मृदा धातू एकमेकांपासून वेगळे करायला शिकतोयस, तर पहिल्याच दिवशी निओडिमियम-प्रासियोडिमियमला हात घालू नकोस, ते आवर्तसारणीत शेजारी आहेत, वेगळे करायला अवघड. एर्बियम-प्रासियोडिमियम घे. सायट्रेटचं (सायट्रिक आम्लाच्या क्षाराचं) द्रावण वरून सोडलं की जड मूलद्रव्य आधी खाली उतरतं, म्हणून आधी एर्बियमचं गुलाबी, मागून प्रासियोडिमियमचं हिरवं, डोळ्यांना दिसतं. नुसत्या हायड्रोक्लोरिक आम्लानं वेगळेपणा जवळजवळ येत नाही.

सल्फोनिक रेझिन (धातूचे आयन धरून ठेवणारे प्लास्टिकचे मणी) रात्रभर डिस्टिल्ड पाण्यात भिजव. बेळगाव-खानापूरकडच्या बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातलं कॅल्शियम रेझिनवरच्या जागा आधीच अडवतं.

नवख्यांच्या चुका तीनच:
- कॉलमच्या क्षमतेच्या ५ टक्क्यांहून जास्त माल भरणं. दोन धातूंचे रंगीत पट्टे एकमेकांत मिसळतात.
- पाण्याची पातळी रेझिनच्या वरच्या टोकाखाली जाऊ देणं. हवा शिरली की रेझिनमध्ये वाटा पडतात, द्रावण तिथूनच निसटतं, कॉलम पुन्हा भरावा लागतो.
- घाई. थेंब-थेंबच सोड, पीएच (द्रावणाची आम्लता) स्थिर ठेव.

आणि रेझिनवर तीव्र नायट्रिक आम्ल कधीच नको, स्फोट होऊ शकतो.