बांधकामाचं एस्टिमेटिंग (खर्चाचा अंदाज) शिकायचंय? मग आधी रेट ॲनालिसिस

सॉफ्टवेअरच्या मागे आत्ताच लागू नकोस. आधी कागदावर एका घनमीटर कामाच्या खर्चाचा हिशोब मांडायला शिक, यालाच रेट ॲनालिसिस म्हणतात. 1:2:4 काँक्रीट घे (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी). ओलं एक घनमीटर हवं तर कोरडा माल साधारण 1.54 घनमीटर धरतात, कारण कालवल्यावर वाळू-सिमेंट खडीच्या फटींत जाऊन बसतं. त्याचा सातवा भाग सिमेंट, म्हणजे 0.22 घनमीटर. घनमीटरला 1440 किलो धरलं तर 317 किलो, 50 किलोच्या सहा गोण्या आणि वर थोडं. मग वाळू, खडी, मजुरी, मिक्सरचं भाडं, वाया जाणारा माल आणि शेवटी ओव्हरहेड (ऑफिस, देखरेख वगैरेचा खर्च) व नफा. हे हाताने केलंस की दुसऱ्याच्या बीओक्यूतला (कामांची परिमाणं आणि दर यांच्या यादीतला) चुकीचा दर लगेच डोळ्यात खुपतो.

मोजमापात खरी गोची वजावटीची, म्हणजे कोणती जागा मोजणीतून वगळायची याची. प्लास्टरमध्ये छोट्या उघड्या जागा बऱ्याचदा वजाच करत नाहीत. म्हणून मोजणीचे नियम आधी वाच, ड्रॉइंग नंतर.

एस्टिमेटिंगसाठी अर्थशास्त्राचं अख्खं पुस्तक घोकायची गरज नाही (हे सरांना सांगू नकोस). पैशाचं कालमूल्य मात्र पक्कं कर. 10 टक्के दराने वर्षभरानंतर मिळणाऱ्या 110 ची आजची किंमत 100 च. बिल उशिरा निघालं की कंत्राटदाराचा नफा कसा आटतो, ते यातूनच कळतं. सरावाला घेतलेल्या प्रत्येक कामाचा महिनावार कॅश फ्लो (पैसे कधी येतात, कधी जातात) काढ. कागदावर नफ्यातलं कामसुद्धा हातात रोख नसली की अडकतं. मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या परीक्षेपुरत्या आल्या तरी चालतील.