वाचकांचे प्रश्न : रोटो करताना मास्क का सटकतो?

ह्या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त जण एकाच ठिकाणी अडकलेत. रोटो करायला, म्हणजे व्हिडिओतून माणूस फ्रेमगणिक कापून वेगळा काढायला घेतला की पहिले दोन सेकंद सगळं मस्त चालतं आणि मग मास्क, म्हणजे कापलेल्या भागाची बाह्यरेषा, सटकतो आणि टूल ऐकेनासं होतं. म्हणून ह्या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत, फक्त ह्यावरच बोलूया. प्रश्न थोडे छोटे केलेत, बाकी तुमच्याच शब्दांत आहेत.

प्रश्न : ताई, आफ्टर इफेक्ट्समध्ये रोटो ब्रशने एक डान्सचा शॉट कापतेय. पहिल्या फ्रेमला एकदम परफेक्ट सिलेक्शन येतं पण चाळिसाव्या फ्रेमच्या आसपास उजवा हात गायबच होतो आणि मागच्या पडद्याचा तुकडा आत येतो. दुरुस्त केलं की पुढे परत तेच. पूर्ण रात्र गेली माझी. काय चुकतंय?

उत्तर : तुझी रात्र गेली हे वाचून वाईट वाटलं, कारण ह्यातून मीही गेलेय. काळं जॅकेट घातलेला माणूस, मागे गडद लाकडी कपाट, आणि मी दोन संध्याकाळी त्याच्या कोपरापाशी बसून होते. चूक कोपरात नव्हतीच, मी सुरुवात चुकीच्या फ्रेमवर केली होती.

तू लिहिलंयस 'पहिल्या फ्रेमला', म्हणजे तूही क्लिपच्या पहिल्याच फ्रेमवर ब्रश मारलास. जवळजवळ सगळेच तसं करतात. पण रोटो ब्रशसाठी जिथे पहिला स्ट्रोक मारतो ती बेस फ्रेम, आणि तिथून तो पुढे नि मागे दोन्हीकडे पसरत जातो, म्हणून बेस फ्रेम क्लिपच्या मधोमध असली तरी चालते. अशी फ्रेम शोध की जिथे दोन्ही हात अंगापासून सुटे आहेत, बोटं दिसतायत, पाय एकमेकांवर नाहीत आणि ब्लर कमी आहे. डान्समध्ये अशी फ्रेम एखाद्या पोझवर हमखास मिळते. पहिल्या फ्रेमला हात अंगाला चिकटलेला असेल तर टूलच्या दृष्टीने तिथे वेगळा हात नाहीच, मग तो अचानक बाहेर आला की हा माणसाचा भाग की मागचा हे त्याने कशावरून ठरवायचं?

दुसरी गोष्ट स्ट्रोकची. कडेकडेने रेघ ओढू नकोस. शरीराच्या मधून, सांगाडा काढल्यासारखा हिरवा स्ट्रोक मार, डोक्यातून कंबरेपर्यंत, मग एकेका हातापायातून. नको असलेला भाग आत आला तर आल्ट धरून लाल स्ट्रोक. कंट्रोल धरून माऊस ओढला की ब्रश लहानमोठा होतो, बोटांसाठी लहान कर.

आता तुझ्या 'परत तेच' बद्दल. दुरुस्तीचा स्ट्रोक बेस फ्रेमपासून लांब जाणाऱ्या दिशेनेच पसरतो. समजा बेस फ्रेम ३० आहे आणि तू ४५ वर हात परत आत घेतला, तर ती दुरुस्ती ४६, ४७ अशी पुढे जाईल, ४१ ते ४४ तशाच राहतील. मग तू मागे येऊन ४१ सुधारशील आणि पुढचं सगळं परत नव्याने मोजलं जाईल, आधी केलेलं विस्कटेल. म्हणून बेस फ्रेमपासून एकेक फ्रेम पेज डाऊनने पुढे जायचं आणि जिथे *पहिल्यांदा* बिघडलंय, म्हणजे हाताचं एक बोट जरी तुटलं असेल, तिथेच थांबून सुधारायचं. दहा फ्रेम उशिरा सुधारलं तर काम दहापट वाटतं. मागची बाजूही तशीच, बेस फ्रेमपासून मागे मागे.

आणि पडद्याचा रंग आणि बाहीचा रंग एकसारखा असेल तर कितीही नीट केलं तरी तो तुकडा आत येणारच. तिथे मी असं करते : क्लिपची एक डुप्लिकेट घेते, तिच्यावर कर्व्ह्जने कॉन्ट्रास्ट एवढा वाढवते की बाही आणि पडदा डोळ्याला वेगळे दिसावेत, दिसायला ते भयानक दिसतं पण ते कोणाला दाखवायचंच नाहीये, मग ती प्री-कॉम्प करते, म्हणजे एका वेगळ्या आतल्या टाइमलाइनमध्ये बंद करते, आणि त्या प्री-कॉम्पवर रोटो करते. झालं की तेच मूळ क्लिपला ट्रॅक मॅट म्हणून, म्हणजे काय दिसेल ते ठरवणारा साचा म्हणून लावते. रंग मूळचे, मास्क कॉपीवरून. त्या कपाटावालं काम शेवटी ह्यानेच सुटलं.

अजूनही हात ऐकत नसेल तर सगळा माणूस एकाच रोटोत काढायचा हट्ट सोड. धड आणि डोकं एका लेयरवर, तो हात दुसऱ्या लेयरवर साध्या पेन टूलच्या मास्कने, मास्क पाथला कीफ्रेम देऊन, म्हणजे ठरावीक फ्रेमवर त्याचा आकार पक्का करून. २५ फ्रेमच्या व्हिडिओत १ सेकंदाचा हात म्हणजे २५ फ्रेम, आणि कीफ्रेम त्यातल्या सहा-सातच लागतात, बाकी सॉफ्टवेअर मधलं भरतं. मॅक्स फ्लायशरने रोटोस्कोपच्या पेटंटचा अर्ज १९१५ मध्ये केला तेव्हा प्रत्येक फ्रेम काचेवर पाडून हाताने गिरवावी लागायची, आपल्याला फक्त एक हात गिरवायचाय.

प्रश्न : बॉडी छान निघते पण केसांची कड उकळल्यासारखी थरथरते, शिवाय केसांभोवती मागच्या भिंतीचा पिवळा रंग चिकटून राहतो. फेदर वाढवलं तर डोकं धुक्यात गेल्यासारखं दिसतं.

उत्तर : फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा, कमी करा आधी, पूर्ण कडेला एकच फेदर हे केसांसाठी नाहीच. खांद्याची कड टणक असते आणि केसांची झिरझिरीत, दोघांना एक माप लावलं की एक तरी बिघडतोच.

केसांसाठी रिफाइन एज टूल घ्या, आणि ते रोटोचं सिलेक्शन शेवटच्या फ्रेमपर्यंत पक्कं झाल्यावरच घ्या, कारण खालची कड हलली की वरचं रिफाइन परत मोजलं जातं. ब्रश एवढा रुंद ठेवा की अर्धा केसांवर आणि अर्धा मागच्या भिंतीवर पडेल, म्हणजे जिथून केस सुटायला लागतात तिथपासून शेवटच्या उडणाऱ्या बटेपर्यंत. फक्त केसांवरच मारा, गालावर किंवा खांद्यावर मारलं तर तिथलीही कड अर्धपारदर्शक होते.

थरथर कमी करायला रिड्यूस चॅटर आहे, पण ते आजूबाजूच्या फ्रेम बघून कड सारखी करतं, त्यामुळे मान झटकन वळली की केस मागे राहिल्यासारखे दिसतात. शांत शॉटला जास्त चालेल, झटक्याच्या शॉटला अगदी कमी. पिवळ्या रंगासाठी डिकंटॅमिनेट एज कलर्स चालू करा, ते कडेच्या पिक्सेलमधून मागचा रंग काढून टाकतं. एक मात्र नक्की बघा, मॅट काळ्या-पांढऱ्यात चांगला दिसतो की नाही ह्यावर वेळ घालवू नका, जी बॅकग्राउंड शेवटी येणार आहे तीच खाली ठेवून बघा. गडद बॅकग्राउंडवर पिवळी कड ओरडते आणि तीच कड उजळ बॅकग्राउंडवर कोणाला दिसतसुद्धा नाही.

आणि फुटेज फोनचं असेल तर हेही माहीत असू द्या की फोनचा साधा व्हिडिओ बहुतेक वेळा ४:२:० असतो, म्हणजे १९२० बाय १०८० च्या चित्रात उजेड-अंधाराची माहिती पूर्ण असते पण रंगाची माहिती फक्त ९६० बाय ५४० एवढीच साठवलेली असते. चार पिक्सेलना मिळून एक रंग. एक बट एखाद-दुसऱ्या पिक्सेलची असते, तिच्यात भिंतीचा पिवळा मुळातच मिसळलेला आहे, तुमच्या हाताची चूक नाही ती. पुढच्या वेळी शूट आपल्या हातात असेल तर माणूस भिंतीपासून चार पावलं पुढे उभा करा आणि मागून थोडा लाइट द्या, कडेचं अर्धं काम तिथेच होतं.

प्रश्न : रोटो पूर्ण केला, फ्रीझ केला, नंतर स्लो मोशनसाठी टाइम रीमॅप लावला तर मास्क सगळा सटकला. दुसऱ्या एका क्लिपला तर काहीच न लावता मास्क एक फ्रेम मागेपुढे होतोय.

उत्तर : दोन वेगळे आजार आहेत हे.

पहिल्यात क्रम उलटा झालाय. आफ्टर इफेक्ट्स एका लेयरवर आधी टाइम रीमॅप लावतं आणि मग इफेक्ट, आणि रोटो ब्रश हा इफेक्ट आहे, त्यामुळे तुम्ही ज्या फ्रेमवर स्ट्रोक मारले होते त्या त्याला आता वेगळ्याच फ्रेम म्हणून समोर येतात. टाइम रीमॅप काढा, मास्क परत जागेवर आला की फ्रीझ करा, म्हणजे मोजलेला मास्क कायम करून ठेवा, लेयर प्री-कॉम्प करा आणि त्यात सगळे ॲट्रिब्यूट आत हलवायचा पर्याय निवडा, मग स्लो मोशन बाहेरच्या प्री-कॉम्पला द्या. क्लिपचे स्ट्रोक वाया जाणार नाहीत, घाबरू नका.

दुसऱ्या क्लिपला माझा पहिला संशय व्हेरिएबल फ्रेम रेटवर. बरेच फोन आणि स्क्रीन रेकॉर्डर उजेड किंवा लोड बघून फ्रेम रेट कमीजास्त करत राहतात, फाइलवर ३० लिहिलेलं असतं आणि आत कुठे २९ कुठे ३० असं चाललेलं असतं. आधी ती क्लिप हँडब्रेकसारख्या टूलमधून कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घ्या, जमलं तर प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर ह्या फॉरमॅटमध्ये बदला म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवली जाते आणि मागेपुढे सरकतानाही मशीन अडखळत नाही. मग कॉम्पचा, म्हणजे ज्या कॉम्पोझिशनमध्ये क्लिप ठेवली तिचा, फ्रेम रेट क्लिपएवढाच आहे ना ते तपासा. २५ च्या कॉम्पमध्ये ३० ची क्लिप टाकून रोटो केला तर गोंधळ होणारच. बदललेल्या क्लिपवर रोटो नव्यानेच करावा लागेल, जुना चिकटवायच्या मागे लागू नका, त्यात जास्त वेळ जातो.

प्रश्न : दाविंची रिझॉल्व्हच्या मॅजिक मास्कमध्ये दोन माणसं एकमेकांसमोरून गेली की मास्क दुसऱ्यालाच जाऊन चिकटतो.

उत्तर : क्रॉसिंगमधून ट्रॅक जबरदस्तीने ओढत नेऊ नका. ती भेटतात त्याच्या आधीपर्यंत एका नोडवर (रिझॉल्व्हमधली इफेक्टची एक पायरी) मास्क करा. मग ती पूर्ण सुटी झाल्याच्या फ्रेमवर दुसऱ्या नोडवर नवा स्ट्रोक मारा, दुसऱ्या माणसावर वजा स्ट्रोक द्या आणि तिथून *उलट्या* दिशेने ट्रॅक करा, क्रॉसिंगच्या कडेपर्यंत. दोन्हीमधल्या ज्या आठ-दहा फ्रेम उरतील त्यांना पॉवर विंडो, म्हणजे हाताने काढलेला मास्कचा आकार, लावून हलवा, कारण तिथे एक माणूस दुसऱ्यामागे झाकलेला असतो आणि झाकलेलं कुठलंच टूल बघू शकत नाही. बाकी मॅजिक मास्क फक्त स्टुडिओ, म्हणजे पैसे देऊन मिळणाऱ्या, आवृत्तीत आहे, फुकटच्या आवृत्तीत शोधून सापडत नाही असं आणखी तिघांनी लिहिलंय, त्यांनाही हेच उत्तर.

प्रश्न : हात जोरात हलतो तिथे मूळ व्हिडिओत ब्लर आहे पण कापल्यावर कात्रीने कापल्यासारखा दिसतो.

उत्तर : रोटो ब्रशच्या रिफाइन मॅटमध्ये यूज मोशन ब्लर आहे, ते चालू करा. २५ फ्रेमला १/५० शटरने शूट केलं असेल तर छान जुळतं. मास्क हाताने कीफ्रेम केला असेल तर मास्कचा मोशन ब्लर वेगळा चालू करावा लागतो.

प्रश्न : सगळं झाल्यावर एक्सपोर्ट केलं तर मागे काळंच येतं, पारदर्शक का येत नाही?

उत्तर : तुम्ही एच.२६४ मध्ये काढताय, त्यात आपल्याला लागतो तो अल्फा, म्हणजे पारदर्शकतेची माहिती, राहत नाही. प्रोरेस ४४४४ किंवा पीएनजी सिक्वेन्स घ्या, आउटपुट मॉड्यूलमध्ये चॅनल्सला आरजीबी प्लस अल्फा करा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर कडेला काळी बारीक रेघ दिसली तर तिथे अल्फा प्रीमल्टिप्लाइड (कडेत मागचा रंग मिसळलेला) की स्ट्रेट (न मिसळलेला) हे उलटं धरलंय, इम्पोर्टच्या सेटिंगमध्ये एकदा बदलून बघा, रोटो परत करायला बसू नका.